लग्नाआधी सासूला काय म्हणायचीस?

सोलापूर

प्रिय डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

ऑटोइन्फ्लमेटरी आजारांच्या, म्हणजे जंतूंशिवाय शरीर आपणहून ताप आणि दाह उठवतं अशा आजारांच्या, जनुकांवर काम करायचंय, पण सोलापुरात बसून काय होणार, असं तू विचारतेस. अगं, 1997 मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी एमईएफव्ही हे अशाच एका आनुवंशिक तापाचं जनुक शोधलं ते घराणीच्या घराणी तपासून. यंत्रं नंतर आली. घराणी तर तुझ्या ओपीडीत रोज रांगेत उभी असतात.

पुन्हापुन्हा ताप येणारं पोर आलं की आधी टीबी, टायफॉइड, मलेरिया नीट धुंडाळ. मग आईला भिंतीवरच्या कॅलेंडरवर तापाच्या तारखा मांडायला सांग. सीआरपी, म्हणजे दाह मोजणारी रक्ततपासणी, तापात एकदा कर आणि पोर ठणठणीत असताना एकदा; दुसरा रिपोर्ट कुणीच मागवत नाही.

आता नाती. ‘जवळच्या नात्यात लग्न झालंय का?’ हा फॉर्मवरचा प्रश्न आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुचकामी आहे. रीतीप्रमाणे झालेल्या लग्नात वेगळं सांगण्यासारखं काय, म्हणून बाई सरळ ‘नाही’ म्हणते. त्यापेक्षा विचार, ‘लग्नाआधी सासूला काय म्हणायचीस?’ ‘आत्या’ म्हणाली तर नवरा आतेभाऊ. ‘आजी’ म्हणाली तर मामा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर दुभाषी म्हणून सासूला बसवू नकोस, वॉर्डातल्या सिस्टरना बोलव. आणि उपदेश तर मुळीच नको. एकदा बोल लावलास की पोराची आई परत येत नाही, आणि धाकट्या बहिणीचं लग्न अडेल या धास्तीनं पुढचं काही सांगतही नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? डाडा-2 हा आजार घे. एडीए-2 जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडल्या की होतो, आणि आई-बाप नात्यातले असले की तशी शक्यता वाढते; 2014 मध्ये उलगडला. अंगावर जाळीदार चट्टे, आणि कोवळ्या वयात पक्षाघात. पक्षाघात म्हटला की आपला हात अ‍ॅस्पिरिनकडे जातो, पण इथं मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून अ‍ॅस्पिरिन शक्यतो टाळतात. टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू रोखणारं औषध मात्र पुढचे झटके बहुधा थांबवतं. अशा औषधांपैकी अडालिमुमाब देशी बनावटीचं त्याच 2014 साली बाजारात आलं. त्यानं दबलेला टीबी उसळू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी विसरायची नाही, आपल्या गावात तर नाहीच. पैशांची जुळवाजुळव हाही संशोधनाचाच भाग समज.

सगळं नात्यांवर ढकलू नकोस मात्र. 2020 मध्ये सापडलेल्या वेक्सास या आजारात यूबीए-1 जनुकातला बिघाड उतारवयात अस्थिमज्जेत उपजतो, तोही बहुतेक पुरुषांत. तिथं सासूला विचारून काही हाती लागणार नाही.

त्या पोराचा वंशवृक्ष घेऊन रविवारी घरी ये. पेन्सिलीनंच काढ, दुसऱ्या भेटीत एखादी राहिलेली मावशी हमखास निघते.

तुझा,
सर