वाचकांचे प्रश्न : स्वास्थ्य केंद्राचे संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे म्हणून

प्रश्न : मी योग, ध्यान आणि मसाज यांचे एक लहान केंद्र चालवते. आमचे संकेतस्थळ नुकतेच नव्याने करून घेतले. फिकट रंग, पहिल्याच पानावर वाहत्या पाण्याचा व्हिडिओ आणि मंद संगीत अशी त्याची मांडणी आहे. मात्र एका दृष्टिहीन व्यक्तीने फोन करून सांगितले, की त्यांना वेळापत्रक वाचता आले नाही आणि नावनोंदणीही करता आली नाही. सुगम्यतेचे, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीचे, एक तयार बटण पानाच्या कोपऱ्यात बसवले की काम होईल, असे संकेतस्थळ करणारे म्हणतात. तेवढे पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही, आणि त्यावर खर्चही करू नये. अशी बटणे अक्षरे मोठी करणे, रंग गडद करणे अशा सोयी देतात. पण ज्यांना त्यांची गरज असते, त्यांनी त्या आपल्या फोनवर किंवा संगणकावर बहुधा आधीच करून घेतलेल्या असतात. मूळ पानातला दोष तसाच राहतो आणि कधी कधी हे बटण स्क्रीन रीडरच्या, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कामातच अडथळा आणते. आपले साधन कोणतेही संकेतस्थळ सुगम्यतेच्या निकषांत बसवते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले.

फोन करणाऱ्या व्यक्तीची अडचण कुठे असावी, याचा अंदाज आपल्या वर्णनावरूनही करता येतो. वेळापत्रक बहुधा एखाद्या सुंदर पोस्टरच्या रूपात, म्हणजे चित्र म्हणून टाकलेले असेल. स्क्रीन रीडर पानावरचा मजकूर वाचून दाखवतो, चित्रात रंगवलेली अक्षरे तो खात्रीने वाचू शकत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानावर ‘इमेज’ एवढेच पडते, किंवा फाइलचे निरर्थक नाव आणि आकडे. वेळापत्रक साध्या तक्त्यात, वार आणि वेळ यांचे रकाने नीट शीर्षके देऊन मांडले, तर ‘मंगळवार, सकाळी सात, प्राणायाम’ असे सलग ऐकू येते. इतर छायाचित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचून दाखवावे असे चित्राचे शब्दांतले वर्णन, द्यावा, आणि तो त्या ठिकाणी उपयोगी पडेल असा असावा. ‘योग करणारी स्त्री’ यापेक्षा ‘खुर्चीवर बसून हात वर ताणणारी स्त्री’ या वर्णनातून वर्गात काय चालते ते कळते. केवळ सजावटीच्या चित्राला मात्र रिकामा पर्यायी मजकूर देऊन स्क्रीन रीडरला ते वगळू द्यावे. पान मराठीत असल्याची खूणही त्याच्या कोडमध्ये हवी, नाही तर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या उच्चारांत वाचला जाण्याची शक्यता असते.

नावनोंदणीची परीक्षा आपण स्वतः घेऊ शकता. माउस बाजूला ठेवावा आणि टॅब, एंटर, स्पेसबार व बाणांच्या कळा एवढ्यांवर पहिल्या पानापासून ‘नोंदणी झाली’ या संदेशापर्यंत जाऊन पाहावे. आपण या क्षणी कोणत्या दुव्यावर आहोत, हे दाखवणारी चौकट दिसते का? पुष्कळ डिझायनर ती ओबडधोबड वाटते म्हणून काढून टाकतात. ती परत आणायला सांगावे. तारीख निवडण्याचे कॅलेंडर कळांनी चालते का, मध्येच उघडणारी सवलतीची खिडकी कळेने बंद होते का, हेही पाहावे. हात थरथरणारे, दुखापतीमुळे माउस न धरता येणारे असे कितीतरी लोक कळांवरच अवलंबून असतात, आणि मसाज किंवा योगाची गरज नेमकी त्यांनाच असू शकते.

आता रंगांविषयी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही वेबची मानके ठरवणारी संस्था १९९९ पासून सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करत आली आहे, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांच्या ‘एए’ या मधल्या पातळीनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातील भेद (काँट्रास्ट) किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावा. पांढऱ्यावरचा ७६७६७६ या क्रमांकाचा (संकेतस्थळाच्या कोडमध्ये रंग अशा क्रमांकांनी लिहितात) राखाडी रंग ही कसोटी जेमतेम पार करतो, त्याहून फिका राखाडी नापास होतो. स्वास्थ्याच्या संकेतस्थळांवर लोकप्रिय असलेले फिकट हिरवे आणि मातकट गुलाबी अक्षरांचे रंग पांढऱ्या पानावर बहुतेक वेळा यात बसत नाहीत. देवनागरीत ही अडचण अधिक बोचते, कारण बारीक वळणाच्या फाँटमध्ये अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आधी पुसट होतात. फिकट रंग पार्श्वभूमीला खुशाल ठेवावेत, अक्षरे गडद करावीत.

संगीत काढूनच टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपोआप सुरू होऊन तीन सेकंदांहून अधिक काळ वाजणारा आवाज थांबवण्याची किंवा कमी करण्याची सोय असलीच पाहिजे, असे तत्त्वे सांगतात. परंतु स्क्रीन रीडरचा आवाज ऐकणाऱ्याला ते बटण शोधण्यासाठीसुद्धा त्या संगीतातूनच वाट काढावी लागते. व्हिडिओही पाच सेकंदांहून अधिक काळ आपोआप हलत राहणार असेल, तर तो थांबवता आला पाहिजे. कानाच्या आतील तोलसंस्थेचा त्रास असलेल्यांना सरकत्या दृश्यांनी भोवळ आणि मळमळ होते, आणि त्यांतले अनेक जण आपल्या फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ ही निवड करून ठेवतात. आपल्या पानाने ती निवड पाळावी, एवढे संकेतस्थळ करणाऱ्यांना नक्की सांगावे. तणावाने त्रस्त झालेला माणूस आपल्याकडे येतो आणि पहिल्या पानावरच त्याचे डोके गरगरते, हे आपल्यालाही नको असेल.

ज्यांनी आपणहून फोन केला, त्यांना दुरुस्तीनंतर योग्य मानधन देऊन संकेतस्थळ तपासायला बोलवावे. स्वयंचलित तपासणीची साधने पर्यायी मजकूर आहे की नाही हे सांगतात, तो अर्थपूर्ण आहे का हे सांगू शकत नाहीत.

प्रश्न : आमच्या पानावर ‘सर्वांचे मनापासून स्वागत’ असे ठळक लिहिले आहे. व्हीलचेअरवरील व्यक्तीचे एखादे छायाचित्र घातले, तर ते अधिक पटेल का?

उत्तर : आपल्या केंद्रात व्हीलचेअर येऊ शकत नसेल, तर ते छायाचित्र येणाऱ्याची फसवणूक करील. त्याऐवजी ‘येण्यापूर्वी’ असे एक पान करावे आणि त्याचा दुवा मुख्य मेनूत ठेवावा. प्रवेशापाशी किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, दाराची रुंदी किती, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह कसे आहे, मसाजचे टेबल खाली-वर करता येते का, खुर्चीवर बसून वर्ग करता येतो का, सोबत कोणी येऊ शकते का, हे तेथे मोजमापांसह लिहावे. सुगंधी तेले किंवा धूप वापरत असाल, तर तेही सांगावे, कारण दम्याच्या किंवा अर्धशिशीच्या रुग्णाचा निर्णय त्यावर ठरतो. जे नाही, ते तितक्याच सरळपणे लिहावे : ‘वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, ऑनलाइन वर्ग उपलब्ध आहे.’ हे वाचून जो येणार नाही, त्याचा निदान हेलपाटा वाचतो, आणि पुढच्या वेळी तो आपल्यावर विश्वास ठेवतो.

संपर्कासाठी फक्त फोन क्रमांक देऊ नये. कर्णबधिरांना आणि बोलताना अडखळणाऱ्यांना संदेश किंवा ईमेल लागतो. व्यायामाच्या व्हिडिओंना बोललेले शब्द दाखवणारी उपशीर्षके द्यावीत, आणि चित्रीकरणात ‘असे वळा’ म्हणण्याऐवजी ‘उजवा हात डाव्या गुडघ्यावर ठेवून मान डावीकडे वळवा’ असे बोलावे. डोळे मिटून वर्ग करणाऱ्यांनाही अशाच सूचना लागतात, त्यामुळे शिकवण्याचीच प्रत सुधारते.

प्रश्न : नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये आम्ही आजारांविषयी बरेच प्रश्न विचारतो. लोक तो अर्धवट सोडून जातात. काय करावे?

उत्तर : नोंदणीपुरते नाव, संपर्क आणि वेळ एवढेच विचारावे. प्रकृतीचे प्रश्न नंतर, ते का विचारले आहेत आणि उत्तरे कोण पाहणार आहे हे सांगून विचारावेत. रकान्याचे नाव रकान्याच्या आत पुसट लिहिलेले असेल, तर टाइप करताच ते नाहीसे होते आणि काय भरायचे होते तेच आठवत नाही. ते बाहेर, कायम दिसेल असे ठेवावे. चूक झाल्यावर रकाना नुसता लाल करू नये, काय चुकले ते शब्दांत लिहावे. त्याच नोंदणीत एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये.

शेवटी एक मोकळी चौकट असावी : ‘आपल्यासाठी काही वेगळी सोय करायला हवी असेल, तर येथे लिहा.’ त्या चौकटीतला मजकूर कोण वाचणार आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी तो प्रशिक्षकापर्यंत कसा पोहोचणार, हे मात्र आधी ठरवावे आणि मगच ती चौकट पानावर ठेवावी.