18 वर्षांच्या मुलाने चार जणांच्या घराचा हिशोब कशाला मांडायचा?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलाला स्टॅटिस्टिक्स आवडतं, अ‍ॅडमिशनही मिळालीय, पण शहरात घर आरामात चालवायचं तर अमुक एवढं पॅकेज लागतंच असं कुठूनतरी डोक्यात घेऊन आता तो सीट सोडतो म्हणतोय. आणि तुम्ही विचारताय की तो आकडा बरोबर आहे का.

असेलही हो, पण तो त्याला आत्ताच कशाला लावायचा? नोकरी लागेल तेव्हा तो एकटाच असणार, दोघा-तिघांत फ्लॅट शेअर करून राहणार, आणि हिशोब मांडतोय बायको-पोरांसकट. चौघांचं घर होईपर्यंत 10-12 वर्षं जातील, महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे आजचा आकडा तेव्हा तसाही कामाचा नाही. शिवाय चौघांना एकट्याच्या चौपट लागत नाही. घराघरांची तुलना करताना अर्थशास्त्रवाले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ घेतात, म्हणजे चौघांना साधारण दुप्पट, कारण घरभाडं, फ्रिज, इंटरनेट सगळ्यांत मिळून एकच (हे त्याला सांगाच, गणितातला मुलगा आहे, पटेल). त्या घरात कमावणारे दोघं असण्याचीही शक्यता आहे, फक्त मूल लहान असताना दुसऱ्या पगारातला बराचसा पाळणाघरातच जातो, ते विसरू नका.

दुसरं म्हणजे पॅकेज आणि हातात येणारा पगार यात फार गल्लत होते. टॅक्स गेला, रिटायरमेंटची कपात गेली, बोनस तर मिळाला तर मिळाला, त्यामुळे हिशोब नेहमी खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर करायचा. त्यातलं भाडं 30 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, पण तो काही निसर्गनियम नाही, अमेरिकेत सरकारी घरांच्या भाड्याला 1969 साली 25 टक्क्यांची मर्यादा घातली आणि 1981 मध्ये तीच 30 केली, तिथून तो जगभर फिरतोय. पगार कमी असेल तर 30 टक्के देऊनही उरलेल्यात भागत नाही. आणि स्वस्त म्हणून लांब घर घेतलं, रोज 3 तास प्रवासात गेले, तर 22 दिवसांचे 66 तास होतात, आठ ड्युट्यांपेक्षा जास्त, बिनपगारी! मला विचाराल तर थोडं भाडं जास्त गेलेलं परवडलं.

आरामात म्हणजे काय याचं माझं माप साधं आहे, नोकरी गेली तर 3 ते 6 महिने कोणाकडे हात न पसरता निघतील एवढं बाजूला पडलेलं असावं. एकट्या मुलाला हे पहिल्या दोन-तीन वर्षांत जमू शकतं, पगार बेताचा असला तरी, फक्त पहिल्याच पगारावर गाडीचा हप्ता लावून घेतला नाही पाहिजे.

आता एक करा, घरचा मागच्या महिन्याचा खर्च त्यालाच लिहून काढायला सांगा, अगदी रिचार्जपर्यंत. आणि सीट कन्फर्म करायची शेवटची तारीख कधी आहे ते आजच बघा, पत्रात लिहिली नाहीये तुम्ही.