माळ घातल्यावर आईची दारू सुटेल का?

तू लिहिलंयस की आई घटस्फोटित आहे, वय पंचेचाळीस, रोज रात्री पिते, आणि एका माणसाशी तासन् तास फोनवर बोलते. मामाचं म्हणणं, पंढरपूरला नेऊन माळ घालू, म्हणजे दारूही सुटेल आणि तो माणूसही. काय करू, असं विचारतेस.

माळेनं दारू सुटत नाही. रोज पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. मला आले.

लातूरला माझी मेस आहे, ट्युशनवाल्या पोरांचे डबे. नवऱ्यापासून सुटले तेव्हा लेक तिसरीत होता. झोप लागेना म्हणून सुरू केलेली क्वार्टर चार वर्षांत दोनवर गेली. बाईमाणूस वाईन शॉपच्या खिडकीशी उभं राहिलं तर आपल्याकडं काय होतं ते तुला सांगायला नको. माझी बाटली गंजगोलाईतल्या एका दुकानाचा मुनीम आणायचा, तूरडाळीच्या पिशवीत खुपसून. स्वतः थेंब घ्यायचा नाही. माझा जीव होता त्याच्यावर. माझी अब्रू जाऊ नये म्हणून हा माणूस स्वतःवर बोट दाखवून घेतो, याच्यापुढं आणखी काय पाहिजे, असं वाटायचं तेव्हा.

दादाला कळलं. कार्तिकीला पंढरपुरात नेऊन त्यानं मला गळ्यात माळ घालायला लावली. मी रडले, खरंच रडले, ढोंग नव्हतं. घरी आले आणि तिसऱ्या रात्री माळ काढून तांदळाच्या डब्यात ठेवली, प्याले, सकाळी आंघोळ करून परत घातली. असं महिनाभर चाललं. विठ्ठलाला दिसू नये म्हणून तांदळात! हसू येतं आता.

एका सकाळी मला उठायला उशीर झाला. लेकानं भात लावायला डबा उघडला. मी आले तर ओट्यावर ताटली, ताटलीत माळ, तिला चिकटलेले दोन-चार दाणे. पोरगं कुकरची शिट्टी बसवत होतं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी बंद केली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येईना, हात असा थरथरायचा की पीठ परातीबाहेर. रात्री परातीत मुंग्या दिसायला लागल्या. मी निवडत बसले, लेक म्हणाला, "मम्मी, कुठायत मुंग्या?" पुढचं मला आठवत नाही. लेकानं अन् त्या मुनिमानंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला सवय लागलेली असताना अशी एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, नंतर भ्रम होतो, माणूस जातोही. आधी पुरेशा गोळ्या देऊन मग त्या हळूहळू कमी करायच्या असतात, सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. अकरा दिवस होते मी तिथं.

दादा त्या अकरा दिवसांना कावीळ म्हणतो. आणि सप्त्यात, लग्नात, कुठंही चार माणसं जमली की सांगतो, "माळ घातली अन् बहीण सुधारली." आठ वर्षं ऐकतेय.

दवाखान्यातून आल्यावर मुनिमाला सांगितलं, आता पिशवीत फक्त डाळ. तरी तो येतच राहिला. एकादशीला राजगिऱ्याचे लाडू आणायचा. लग्नाचं त्यानंच काढलं. दादा म्हणाला, "माळकरी बाईनं परपुरुषाकडं बघावं का?" अरे, लग्न केल्यावर तो परपुरुष कसा? तुकोबांच्या दोन बायका होत्या, नाथबाबा पैठणला संसार करूनच राहिले, त्यांची माळ कुणी काढून घेतली? पण हे तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, देवानं एक सोडवलंय तर दुसरं आपण होऊन सोडावं. नाही म्हणाले. तो आता उदगीरला असतो, बायको-पोरं आहेत.

माळ अजून आहे गळ्यात. तिचा राग नाही, ती मला सकाळी उठवते. पण आधी डॉक्टर, मग माळ. आईला घेऊन जा आणि किती पिते ते खरं सांग, कमी करून सांगू नकोस. १४४१६ वर फोन कर, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. चहात कालवायची पावडर कुणी दिली तर फेकून दे. दारूची शिसारी आणणारं औषध न सांगता पोटात गेलं आणि वरून ती प्याली, तर जिवावर बेततं.

त्या माणसाला एकदा घरी चहाला बोलव. त्याच्या पिशवीत काय असतं ते बघ. बाटली असेल तर आणू नको म्हण, आणि त्यानंतर तो येतो का ते बघ. येत असला तर मामाला मध्ये येऊ देऊ नकोस.

हां, मी डॉक्टर नाही. प्रत्येकाला झटके येतातच असं नाही, कधीमधी घेणाऱ्याचं वेगळं असतं. आणि मी एकदा घसरलेही होते, लेकाच्या दहावीच्या निकालाच्या रात्री. तेव्हाही माळ गळ्यातच होती, काढायचं भानही राहिलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी स्वतःच दवाखान्यात गेले.

दादा असलं काही वाचत नाही, पण त्याची सून वाचते. सूनबाई, कावीळ नव्हती गं ती. जेवताना वाचून दाखव त्याला.