पार्सलमधील पॉवर बँक, परफ्यूम आणि कापूर

प्रश्न : दिवाळीच्या फराळासोबत जर्मनीतील मुलाला दाढीचा ट्रिमर, पॉवर बँक, परफ्यूमची बाटली आणि कापराची डबी पाठवायची होती. कुरिअरवाल्यांनी ट्रिमर ठेवून घेतला, बाकीच्या तिन्ही वस्तू परत केल्या. ट्रिमरमध्येही बॅटरी असतेच. मग हा भेद का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हवाई वाहतुकीचे नियम केवळ बॅटरी आहे की नाही हे पाहत नाहीत, तर ती कोणत्या स्वरूपात पाठवली जाते हे पाहतात. ट्रिमरमधील बॅटरी उपकरणात पक्की बसवलेली असते, म्हणून ती धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील ‘यूएन ३४८१’ या क्रमांकाखाली मोडते. पॉवर बँकेचे कामच दुसऱ्या उपकरणाला वीज पुरवण्याचे असल्याने ती सुटी बॅटरी, म्हणजे ‘यूएन ३४८०’, समजली जाते आणि अशा लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. या बंदीमागचे कारण गंभीर आहे. बॅटरीच्या एखाद्या सेलमध्ये शॉर्ट सर्किट झाले की ती आपोआप तापत जाते आणि शेजारच्या सेललाही पेटवते. विमानाच्या मालकक्षातील हॅलॉन हा आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण ही साखळी तोडू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत यूपीएस या कुरिअर कंपनीचे मालवाहू विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा आग लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालातच लागली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले.

परफ्यूममध्ये मुख्यतः अल्कोहोल असते, म्हणून ते धोकादायक मालाच्या तिसऱ्या वर्गात, म्हणजे ज्वलनशील द्रवांत येते. कापूर ज्वलनशील घन पदार्थ ठरतो. आरतीच्या वेळी काडी लावताच तो कसा भपकन पेटतो, हे आपण रोजच पाहतो.

‘फराळाच्या डब्यात दडवून पाठवा’ असा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका. पार्सलमधील वस्तूंची खरी माहिती देण्याची कायदेशीर जबाबदारी पाठवणाऱ्याची असते, आणि त्याच विमानात इतरांचे जीवही असतात.

तिकडे जाणारे कोणी ओळखीचे असेल, तर पॉवर बँक त्यांच्या केबिन बॅगेतून पाठवता येईल, चेक-इन सामानातून मात्र नाही. १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ३७ वॉट-अवरची (हे साठवलेल्या ऊर्जेचे माप) असते आणि १०० वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी सहसा लागत नाही. परफ्यूमची ५०० मिलिलिटरपर्यंतची बाटली चेक-इन सामानात चालते. कापूर मात्र प्रवाशाच्या सामानातूनही नेता येत नाही. तो मुलाला तिकडच्या भारतीय दुकानातूनच घ्यायला सांगावा.