घरातील माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ : सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, आई जाऊन सात महिने झाले, नाताळाची सारी तयारी त्याच करीत असत, घरात नऊ आणि पाच वर्षांची मुले आहेत; तेव्हा यंदा सण साधेपणाने करावा की पूर्वीसारखाच, आणि मुलांसमोर आजीची आठवण काढावी की टाळावी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते ठरले की पहिला प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. आठवण टाळू नका. मात्र तिला २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत दाराबाहेर ताटकळतही ठेवू नका. आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी तिला घरात उघडपणे जागा द्या.

असे सांगण्याचे कारण त्या काळाच्या रचनेतच आहे. बाजारातला नाताळ नोव्हेंबरातच झगमगू लागतो, पण चर्चच्या दिनदर्शिकेत सणाआधीचे चार रविवार हा वाट पाहण्याचा काळ आहे. ३० नोव्हेंबर या संत आंद्रियाच्या सणाला जो रविवार सर्वांत जवळचा असेल, त्या दिवशी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान, तो सुरू होतो आणि वर्षानुसार २२ ते २८ दिवस चालतो. या दिवसांत वेदीवर आणि धर्मगुरूंच्या वस्त्रांत जांभळा रंग असतो, जो ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातही असतो; फक्त तिसऱ्या रविवारी अनेक ठिकाणी त्याच्या जागी गुलाबी रंग येतो. सण झाल्यावरही चर्च दुःखाकडे पाठ फिरवीत नाही. नाताळानंतर तिसऱ्याच दिवशी, २८ डिसेंबरला, हेरोद राजाने मारविलेल्या बालकांचे स्मरण केले जाते. म्हणून घरात शोक असताना नाताळ करणे म्हणजे सणाला गालबोट लावणे, ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगते. पहिल्या रविवारी संध्याकाळी हिरव्या पानांचे वर्तुळ आणि चार मेणबत्त्या मांडा. या प्रथेचा उगम लहान मुलांच्या अधीरतेत आहे, हे तुमच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. हँबर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न हे धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी आश्रम चालवीत असत, आणि ती मुले रोज ‘नाताळ कधी येणार?’ असे विचारून त्यांना भंडावून सोडीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसविल्या आणि रोज एक अधिक लावून मुलांना दिवस मोजायला शिकविले. पुढे घरोघरी चार मेणबत्त्या तेवढ्या उरल्या. पहिली मेणबत्ती बहुधा आशेची मानतात. ती लावण्यापूर्वी तुमच्या आईंचे नाव मोठ्याने उच्चारा, त्यांच्याबद्दल एखादी साधी, शक्यतो हसू आणणारी गोष्ट सांगा आणि मग प्रार्थना करा. एवढे पुरे आहे. हार घातलेल्या छायाचित्रासमोर मुलांना ओळीने उभे करून त्यांनी हळहळावे अशी अपेक्षा ठेवू नका. मुले मोठ्यांचे चेहरे पाहून रडतात आणि पुढल्या वर्षी तो दिवस जवळ आला की धास्तावतात.

जेवणाच्या वेळी जागा रिकामी ठेवण्याचा सल्लाही तुम्हांला कोणी देईल. पोलंडमध्ये नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मेजावर एक ताट अधिक मांडण्याची जुनी रीत आहे. ते अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी असते, आणि अनेक कुटुंबे त्यात आपल्या गेलेल्या माणसांचीही आठवण पाहतात. रीत सुंदर आहे, पण पहिल्याच वर्षी मी ती सुचविणार नाही, कारण जेवण संपेपर्यंत सगळ्यांचे डोळे त्या ताटावर खिळून राहतात.

याबाबतीत आमच्या घरी जे घडले ते ठरवून घडले नव्हते. गव्हाणी मांडणे हे माझ्या वडिलांचे काम होते, आणि त्यात ते कोणाला हात लावू देत नसत. मरिया, योसेफ, मेंढपाळ, एक शिंग तुटलेला बैल, सारे आधी मांडले जाई. बाळ येशूची मूर्ती मात्र ते स्वतःजवळ ठेवीत आणि मध्यरात्रीच्या उपासनेहून परतल्यावरच गवतावर निजवीत. ते ऑगस्टमध्ये गेले. डिसेंबरात आम्ही भावंडांनी खोका उघडला, वर्तमानपत्रांच्या घड्यांतून एकेक मूर्ती बाहेर काढली, आणि बाळ कोठे असते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, हे तेव्हा कळले. कपाटे धुंडाळली, वडिलांची पेटी उपसली. शेवटी धाकट्या भावाने नवी मूर्ती आणण्याची गोष्ट काढली, तेव्हा आईने ‘नको, राहू दे रिकामी’ एवढेच म्हटले. म्हणून त्या वर्षी आमची गव्हाणी ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी राजांच्या सणापर्यंत, रिकामीच राहिली.

मला त्याची फार लाज वाटत होती. परंतु घरी येणारे प्रत्येक जण विचारी, ‘बाळ कुठे आहे?’ आणि उत्तर देताना आम्हांला वडिलांबद्दल बोलावेच लागे. त्यांचा हट्ट, त्यांची मूर्ती लपविण्याची सवय, रात्री पाय न वाजवता खोलीत येणे. चार महिने ज्या घरात त्यांचे नाव निघाले की कोणी तरी उठून आत जाई, त्या घरात आम्ही त्यांच्याविषयी प्रथमच न अडखळता बोलू लागलो. पुढे मी वाचले की असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे पहिल्यांदा गव्हाणी उभी केली, तेव्हा तिच्यातही मूर्ती नव्हती. गवत होते, बैल आणि गाढव होते, आणि थॉमस चेलानो यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार जमलेल्यांपैकी एकाला त्या गव्हाणीत निजलेले बालक दिसले. हे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, की तुझ्या वडिलांना हे आधीच माहीत असणार.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. आईंनी तीस-चाळीस वर्षांत जमविलेला सण एका वर्षात जसाच्या तसा उभा करण्याचा प्रयत्न करू नका; तो जमत नाही, आणि न जमल्याचे दुःख मूळ दुःखात भर घालते. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकाला, पाच वर्षांच्या मुलालाही, एकच प्रश्न विचारा, की आजीच्या नाताळातली कोणती एक गोष्ट यंदा झालीच पाहिजे. जेवढी उत्तरे येतील तेवढेच करा, आणि ज्याने जे मागितले ते काम त्याच्या हाती द्या. बाकीचे यंदा राहू द्या, पण ‘आता हे बंद’ असे जाहीर करू नका. पुढल्या वर्षी कोणाला तरी त्यातले काही हवेसे वाटेल. आईंच्या बहिणी किंवा मैत्रिणी असतील तर त्यांना आताच फोन करून आईंची पद्धत विचारून लिहून ठेवा, कारण अशा गोष्टी बहुतेक वेळा एकाच माणसाला माहीत असतात.

ज्यांना बोलायचे नसेल त्यांना बोलायला लावू नका. वडीलधारे पुरुष पुष्कळदा प्रार्थनेच्या वेळी मुद्दाम काही काम काढतात. त्यांच्यासाठी ठरलेले शब्द उपयोगी पडतात, कारण त्यांत स्वतःचे काही उघड करावे लागत नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये २४ डिसेंबर १९१८ रोजी, महायुद्ध संपून जेमतेम सहा आठवडे झाले असताना, एरिक मिल्नर-व्हाइट यांनी नऊ वाचने आणि नाताळगीतांची उपासना सुरू केली. ते स्वतः सैन्यात धर्मगुरू म्हणून जाऊन आले होते. त्यांनी रचलेल्या आरंभीच्या प्रार्थनेत पैलतीरावर, अधिक मोठ्या प्रकाशात आपल्यासोबत आनंद करणाऱ्यांचे स्मरण आहे, आणि ती प्रार्थना तेथे आजही म्हटली जाते. अशा दोन ओळी कागदावर लिहून नऊ वर्षांच्या मुलाकडे वाचायला द्या. मोठ्यांपेक्षा ते काम तो नीट करील.

बाळ येशूची आमची मूर्ती मार्चमध्ये सापडली. वडिलांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत, काच पुसण्याच्या फडक्यात ती गुंडाळलेली होती. आजही ती त्याच डबीत असते, आणि डबी कोणत्या खणात आहे हे भावाने गव्हाणीच्या खोक्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवले आहे.