ब्रशवरचं रक्त अंगावर काढू नका
मधुमेह नुकताच कळलाय, तर डोळे-पाय तपासायला तुम्हाला सांगितलंच असेल. हिरड्यांचं मात्र बरेचदा राहून जातं. माझंही राहिलं. ब्रश गुलाबी दिसायचा आणि मी समजायचो, जोरात घासलं असेल. दुखत काहीच नव्हतं. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा न दुखताच वाढतो, म्हणूनच तो घात करतो.

साखर चढी राहिली की लाळेतही ती वाढते, जंतूंचं फावतं आणि जखम लवकर भरत नाही. उलट हिरडी सुजलेली राहिली की साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. हे दोन्हीकडून चालतं.

मऊ ब्रशने दोनदा, दोन-दोन मिनिटं घासा. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने फिरवा. रात्रीचं घासणं तर चुकवूच नका, झोपेत लाळ कमी होते. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटींतून फिरवायचा बारीक दोरा, हवाच. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून सोडू नका. आठवडाभरानंतरही येत राहिलं तर दाखवा.

दातांच्या डॉक्टरांना मधुमेह आहे हे आधीच सांगा, एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि औषधांची यादी न्या. शक्यतो सकाळची वेळ घ्या. उपाशी राहायला सांगितलं नसेल तर खाऊन, गोळी घेऊन जा. खुर्चीत साखर उतरली तर फार त्रास होतो. तंबाखू असेल तर, कळकळीने सांगतो, सोडा.