ते मरण माझ्यासाठी?

प्रश्न : दर शुभ शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची (ख्रिस्ताच्या मरणयात्रेतल्या प्रसंगांवर थांबून करायच्या प्रार्थनेची) चौदाही स्थानं करतो. तरी ख्रिस्त 'माझ्यासाठी' मेला, हे मनाला भिडत नाही. काय करावं? – एक वाचक, भांडुप

उत्तर : चौदा स्थानं एका दमात उरकली की हळहळ वाटते आणि तिथेच थांबते. म्हणून आठवडाभर एकच उतारा घ्या : बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय १५, ओवी २१ ते ३९. लोकलच्या गर्दीत नको. घरी, पहाटे, वीस मिनिटं. पहिल्यांदा मोठ्याने वाचा. दुसऱ्यांदा वेळेकडे लक्ष द्या : सकाळी नऊला ख्रिस्ताला क्रूसावर खिळलं, बारापासून अंधार, तीनला प्राण गेला. तिसऱ्यांदा ३४व्या ओवीवर थांबा. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा ख्रिस्ताचा क्रूसावरचा आक्रोश बायबलमधल्या स्तोत्र २२चा आरंभ आहे. ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचाच. आक्रोशाने सुरू होऊन ते स्तुतीपर्यंत पोचतं. देवापासून तुटल्याचं दुःख ख्रिस्ताने स्वतः सोसलं, आपल्या विश्वासाचा गाभा हाच.

मग प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र, २:२०, उघडा. ख्रिस्ताने 'माझ्यावर प्रीती केली' असं पौल एकवचनात लिहितो, आणि तो तर आधी ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा होता! तिथे आपलं नाव घालून वाचा, आणि मनात सलणारं एक पाप नेमक्या शब्दांत देवापुढे मांडा. 'माझी सगळी पापं' असं मोघम म्हटलं की क्षमाही मोघमच वाटते. रडू आलं नाही तर घाबरू नका, क्षमा अश्रूंवर अवलंबून नाही. कॅथलिक असाल तर शुभ शुक्रवारच्या आधीच धर्मगुरूंकडे पापनिवेदन करा. त्या आठवड्यात रांगा लांब असतात.